मावशींचे सुटे आभार

मावशींच्या घरी मी काही वर्षं राहिले आणि दोन्ही वेळचं जेवले, पण गरम जेवण माझ्या वाट्याला फारसं आलं नाही. दोष स्वयंपाकाचा नव्हता. त्यांच्या हातची बाजरीची भाकरी तव्यावरून उतरायची तेव्हा अशी टम्म फुगलेली असायची की पाहूनच भूक खवळावी. ती ताटात पडायची, शेजारी पिठलं यायचं, वाफा निघत असायच्या, आणि नेमक्या त्या वेळी मावशी पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटायच्या. मग त्या वाफा हळूहळू नाहीशा व्हायच्या. मी एक डोळा किलकिला करून पिठल्यावर साय धरताना बघत बसायची.

मी नगरची. तिथल्या ट्रेनिंग शाळेतून मास्तरीण होऊन बाहेर पडले आणि मिशनने मला सुप्यापासून आत, माळावरच्या एका गावी शाळेवर पाठवलं. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एकट्या मुलीने राहायचं कुठे, हा प्रश्न पाळकसाहेबांनी चुटकीसरशी सोडवला. मावशींचं घर देवळाच्या, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या, अगदी मागे होतं. नवरा गावोगाव फिरणारा उपदेशक. तो वारून बराच काळ लोटला होता. मावशींनी स्वतः बायबलबाई म्हणून आयुष्य घालवलेलं. म्हणजे वाड्यावस्त्यांवर पायी जायचं, बायकांत बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची आणि कुणाचं बाळंतपण अडलं असेल तर गोष्ट अर्धी टाकून तिकडे पळायचं. आता वय झाल्यामुळे घरी होत्या. एकुलता एक मुलगा याकोब लष्करात लॉरीवर ड्रायव्हर होता. मावशींना नावाने हाक मारणारं गावात कुणीच उरलं नव्हतं. मराठ्यांच्या आळीपासून आमच्या वस्तीपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली. आमच्या नगरच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे एका श्वासाचं काम. 'या अन्नाबद्दल व तुझ्या सर्व देणग्यांबद्दल तुझे आभार मानतो, आमेन.' मी तेवढं म्हटलं आणि भाकरीला हात घातला. मावशींचे डोळे मिटलेलेच.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"कंच्या देनग्या?"

"म्हणजे... सगळ्याच."

"सगळ्याच म्हंजी काय गं पोरी?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "ठोक माल वान्याच्या दुकानात. देवाशी बोलायचं तर सुटं बोलावं."

आणि त्या सुरू झाल्या. "बापा, ह्या बाजरीबद्दल. भिवाच्या वावरातली हाय. बैल लंगडत हुता तरी त्यानं पेरनी सोडली न्हाई, त्या भिवाबद्दल, त्या बैलाबद्दल. मिठाबद्दल. सुप्यावरनं यशवदा घिऊन आली, डोक्यावर दुसरं वझं असून. चुलीतल्या काटक्यांबद्दल. रखमानं दिल्या. तिच्या हातात काटा मोडला, त्यो निघू दे. ह्या तव्याबद्दल, लई दीस टिकला." असं करत करत त्या तेलापर्यंत आल्या, मिरचीपर्यंत आल्या, आणि मला वाटलं आता संपलं, तर म्हणाल्या, "आनि ह्या मास्तरीनबाईबद्दल. आईचं घर सोडून आली. तिला करमंना झालंय, पन बोलत न्हाई."

मला खरंच करमत नव्हतं, आणि मी ते कुणापाशी बोलले नव्हते. आपलं नाव कुणीतरी देवापुढे असं बैलाच्या आणि तव्याच्या रांगेत बसवावं आणि त्यात आपल्याला मोठेपणा वाटावा, हा अनुभव मला नवा होता.

अर्थात मोठेपणा काही दिवसच वाटला. पुढे भूकच वाटायची. शाळा सुटून यावं, पोटात कावळे ओरडत असावेत आणि मावशींनी जात्याच्या खुंट्यापासून सुरुवात करावी, असं रोज व्हायचं. मी कुरकुर केली तर म्हणायच्या, "तुला घाई हाय तर आदी जेव. मी माजं म्हनते." पण त्यांच्यासमोर आधी जेवायचा धीर मला कधी झाला नाही.

त्यांचा दुसरा नियम कळायला मला थोडा वेळ लागला. ज्या गोष्टीबद्दल मनात आभार नाहीत, तिचे आभार त्या तोंडावर आणत नसत. उलट, नाहीत हे स्पष्ट सांगत. रेशनची ज्वारी सुरू झाली तेव्हा तीत निम्मे खडेच यायचे. मावशी रोज म्हणायच्या, "ज्वारीबद्दल आभार, खड्यांबद्दल न्हाई." एकदा मी सहज म्हटलं, "मावशी, देवाला असं सांगायचं का?" तर म्हणाल्या, "मग काय त्याला कळत न्हाई व्हय, माज्या दाताला काय लागलं त्ये?"

या नियमापायी पाळकसाहेबांना एकदा घाम फुटला होता. मिशनच्या एक वयस्क मडमसाहेब दौऱ्यावर आल्या होत्या. लढाईच्या दिवसांत दुर्मिळ झालेला, विलायती खव्यासारख्या कसल्याशा पिवळ्या पदार्थाचा एक डबा त्यांनी मावशींना मुद्दाम आणून दिला. डबा उघडला आणि घरभर असा वास सुटला की मांजर उठून बाहेर गेलं. पाळकसाहेबांनी मावशींना उपकारस्तुतीची प्रार्थना करायला सांगितली. दुसरं कुणी असतं तर वेळ मारून नेली असती. मावशी म्हणाल्या, "बापा, ह्या डब्यात जे हाय त्याचा वास मला सोसना. त्याचं आभार मी मानत न्हाई. पन मडमसाहेब एवढ्या उन्हाच्या सुप्यापासनं चालत आल्या. त्यांच्या पायाला फोड आलाय. त्यांनी माजी आठवन धरली. त्या पायांबद्दल, त्या आठवनीबद्दल."

मडमसाहेबांना मराठी चांगलं येत होतं. पाळकसाहेब खाली मान घालून सतरंजीचे धागे उपसत राहिले. मडमसाहेबांनी डोळे पुसले, डबा आपल्या पिशवीत परत ठेवला आणि पायाचा फोड मावशींना दाखवला. मावशींनी त्यावर हळद-तेल लावलं. पुढच्या खेपेला मडमसाहेबांनी शिवणाच्या सुया आणल्या. त्या सुयांबद्दल मात्र मावशींनी एकेक सुई चिमटीत धरून आभार मानले.

देवळात तर त्यांची दहशतच होती. बायका डाव्या अंगाला बसत आणि मावशी सगळ्यांत पुढे. पाळकसाहेब भारदस्त मराठीत प्रार्थना करत, 'हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या असंख्य उपकारांबद्दल', की पुढून बारीक आवाज यायचा, "कंच्या?" पहिल्या-पहिल्यांदा पाळकसाहेब चिडायचे. पण मनाने चांगला माणूस. हळूहळू त्यांनाच त्या प्रश्नाची सवय लागली. ते 'असंख्य उपकारांबद्दल' असं म्हणून थांबायचे, एक डोळा उघडून मावशींकडे बघायचे आणि मग कुणाच्या म्हशीला रेडी झाली, कुणाचा ताप उतरला, असं सुटं सुटं सांगू लागायचे. उपासना लांबायची, पोरं पेंगायची, पण ज्याचं नाव यायचं तो माणूस आठवडाभर ताठ चालायचा.

याकोबला मी एकदाच पाहिलं. रजेवर आला होता. दारातून वाकून आत यावं लागणारा, हसरा, काळासावळा गडी. आईची सगळी सवय अंगात मुरलेली, पण चाल ड्रायव्हरची. मावशी प्रार्थनेत पाट्यापाशी पोचल्या की हा डोळे मिटूनच म्हणायचा, "आये, गाडी आता टाप गिअरमदी घाल." मावशीही डोळे मिटूनच म्हणायच्या, "बापा, ह्या वांड पोराबद्दल." आणि मग त्याचं सगळं यायचं. तो पालथा पडला तो दिवस, त्याला गोवर आला आणि गेला, त्याने विहिरीत पहिली उडी मारली आणि वर आला. तो लाजायचा. पण मायलेकरांचं ते चाललेलं असताना पिठलं गार झालं तरी मला राग आला नाही. रजा संपवून तो गेला, बोटीत बसला, इटलीच्या लढाईवर गेला. त्यानंतर मावशी कधी सुप्याला बाजाराला गेल्या तर पुणे-नगर सडकेच्या कडेला उभ्या राहायच्या. लष्करी लॉऱ्यांची रांग धूळ उडवत जायची आणि त्या एकेका लॉरीला हात वर करायच्या. "ह्यो कुनाचा तरी. ह्यो बी कुनाचा तरी," एवढंच पुटपुटायच्या.

लष्कराची तार आली ती शाळेत, कारण गावात इंग्रजी वाचणारी मीच. मी पोरांना सोडून दिलं आणि घरी गेले. मावशी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढून विझवली. मग पुन्हा येऊन बसल्या. त्या रडल्या नाहीत असं नाही. पण ते मी इथे लिहिणार नाही.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणींनी भाकऱ्या आणल्या. ताटं वाढली गेली आणि बायका मावशींकडे बघत राहिल्या. मावशींनी पदर डोक्यावर घेतला. "भाकरीबद्दल," त्या म्हणाल्या. "यशवदेनं केल्या. कालवनाबद्दल. रखमानं आनलं." तिथे आवाज थांबला. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "पोराचं न्हाई," आणि आमेन म्हणून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

पाळकसाहेब आले. माणूस तळमळीचा, आणि अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना शिकवलेलं होतं. ओसरीवर सगळी मंडळी जमली. त्यांनी शास्त्रातले दाखले दिले, गीत झालं, मग प्रार्थना सुरू केली. तीत म्हणाले, "हे पित्या, आमचा बंधू याकोब याला तू आपल्याजवळ नेलंस. तुझ्या या भगिनीच्या वतीने आम्ही त्याबद्दलही तुझी उपकारस्तुती..."

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांचे डोळे उघडले.

"पाळकसाहेब, तुमी तुमच्या वतीनं काय म्हनायचं त्ये म्हना. माज्या वतीनं ह्याचं आभार मानू नका. मी मानलं न्हाईत. मी न मानता तुमी मानलं तर देव माज्याकडं बघंल आनि म्हनंल, बाई, खोटं बोललीस."

पाळकसाहेबांनी कशीबशी प्रार्थना पुरी केली. बायका आपसात म्हणाल्या की दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. मंडळीच्या पंचांतले एक-दोघे म्हणाले की हा अविश्वास आहे आणि जन्मभर दुसऱ्यांना उपदेश केलेल्या बाईला हे शोभत नाही. मीही घाबरले होते. ज्या बाईने सुईचे आभार मानले, तिने देवाला तोंडावर नाही म्हणावं, याचा अर्थ मला लागेना.

त्यानंतर रोजच्या जेवणाला एक नवी ओळ आली. बाजरी, मीठ, तवा, काटक्या, रखमा, यशोदा, मी, सगळं पूर्वीसारखं यायचं. एकही नाव गळायचं नाही. आणि शेवटी मावशी म्हणायच्या, "पोराचं अजून न्हाई." मग आमेन.

पण त्यात एक पोकळी होती ती माझ्या लक्षात यायला लागली. त्या 'पोराचं' म्हणायच्या, याकोब म्हणायच्या नाहीत. त्याचा गोवर, त्याची विहिरीतली उडी, काहीच येईना. घरातल्या वस्तूंवरून हात फिरवत सकाळी आभार मानायची त्यांची रीत होती. दाराची चौकट, रांजण, जातं. त्या रांगेत याकोबची बाज होती. ती आली की हात थांबायचा आणि पुढच्या वस्तूवर जायचा. सगळ्या जगाची नावं त्या बाईच्या तोंडात राहिली होती आणि पोटच्या पोराचं तेवढं निघून गेलं होतं. मला भीती वाटायची की ते आता कधीच परत येणार नाही, आणि मावशी तशाच मरतील.

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही देवावर रागावलात का?"

"राग असता तर बोलनं टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "हिकडं बघ पोरी. गप बसून बी मला निभावता आलं असतं. कुनाला कळलं नसतं. पन मग त्याच्या-माज्यात एक खोटं राह्यलं असतं. त्या परास रोज सांगते, अजून न्हाई. त्याला बी कळू दे, मी इसरले न्हाई, आनि अडले कुठं त्ये."

"आणि कधीच जमलं नाही तर?"

"त्येच भ्याव वाटतंय," त्या म्हणाल्या. "मी पोराचं नाव घ्यायला जाते आनि जीभ उचलत न्हाई. ज्याचं आभार मानता येत न्हाई त्याचं नाव तरी कसं घ्यावं? माजी सवयच तशी पडली हाय."

त्या दिवसापासून त्यांच्या प्रार्थनेबद्दल मला वेगळंच वाटू लागलं. मी जन्माने ख्रिस्ती. देवळं, गीतं, प्रार्थना यांत वाढलेली. पण समोर कुणीतरी खरोखर बसला आहे, आणि त्याच्याशी खोटं बोलायची सोय नाही, अशा रीतीने बोलणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. 'पोराचं अजून न्हाई' असं त्या म्हणायच्या तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. त्या छोट्याशा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच नाही, असं मला स्पष्ट वाटायचं. आता पिठल्याकडे माझं लक्ष जात नसे.

सुगीचा सण आला. आमच्या मंडळीत तो दिवस मोठा. पीक घरात आल्यावर प्रत्येकाने आपापल्या वावरातलं काहीतरी देवळात आणायचं. बाजरीची कणसं, हुलगे, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, असा सगळा ढीग वेदीपुढे पडायचा. आणि दरवर्षी उपकारस्तुतीची प्रार्थना मावशींची. त्या ढिगाभोवती फिरत एकेका वस्तूला हात लावून बोलायच्या आणि शेवटची कोंबडी होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

या वर्षी पंच मावशींकडे आले आणि अवघडून म्हणाले की मावशी, या खेपेला... मावशींनीच त्यांची सुटका केली. "मला सांगाल तर मी म्हनंन," त्या म्हणाल्या. "पन पोराचं अजून न्हाई, हे बी तिथंच म्हनंन. तुमाला चालत नसंल तर दुसऱ्या कुनाला सांगा. मला वाईट वाटायचं न्हाई."

त्यांनी दुसऱ्याला सांगितलं. एका शिकलेल्या गृहस्थाने उभं राहून, शुद्ध भाषेत, 'भूमीच्या सर्व उपजाबद्दल आणि सर्व कृपादानांबद्दल' असं म्हणून मिनिटभरात आमेन केलं. कोंबड्यांनासुद्धा गप्प बसायला वेळ मिळाला नाही. सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इतकी वर्षं प्रार्थना लांबते म्हणून कुरकुरणारे हेच लोक. आता लवकर सुटका झाली तर कुणाला उठवेना. बाहेर पडताना रखमा हिरमुसून म्हणाली, "माज्या भोपळ्याचं नाव बी कुनी घेतलं न्हाई." मावशी मागून येत होत्या. त्या परत आत गेल्या, ढिगातला रखमाचा भोपळा शोधला, त्यावर हात ठेवून हळूच काहीतरी म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मग यशोदा म्हणाली, "मावशी, माज्या अंड्यांचं?" आणि बघता बघता अर्धी मंडळी आपापली वस्तू दाखवत त्यांच्याभोवती गोळा झाली. पाळकसाहेब दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी आपल्या बागेतली वांगी आणली होती, ती मावशींपुढे केली.

घरी आल्यावर जेवताना मात्र शेवटची ओळ तीच.

लढाई संपली. पलटणी मोडल्या आणि माणसं घरी यायला लागली. अशाच एका दिवशी, सकाळची शाळा सुटून मी घरी आले, तर ओसरीवर एक तरुण माणूस बसला होता. खाकी पँट, पायात लष्करी बूट, पुढ्यात पेरूंची करंडी. राहात्याच्या बागवानांपैकी, नाव इस्माईल. याकोबच्याच तुकडीत तोही ड्रायव्हर होता. नगरला उतरून, तिथून सुप्यापर्यंत मोटारीने आणि पुढे पायी, विचारत विचारत आला होता. मावशींनी त्याला पाणी दिलं होतं आणि समोर बसून त्या करंडीकडे बघत होत्या. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं हे मला दिसलं. म्हणून मीच म्हटलं, "तुम्ही होता का तिथे?"

"व्हतो," तो म्हणाला. "आई, त्येच सांगायला आलोय. आदीच यायला पायजे हुतं."

तो सांगू लागला. डोंगराच्या पायथ्याची सडक, लॉऱ्यांची रांग, आणि वरून तोफगोळे सुरू झाले. याकोबच्या लॉरीशेजारीच एक फुटला. इस्माईलने त्याला ओढत एका शेतकऱ्याच्या घराच्या भिंतीआड नेलं. घरातून एक बाई बाहेर आली. गोळे पडतच होते. इस्माईलने तिला आत जा म्हणून हात केले, पण तिने याकोबकडे पाहिलं, अंगणातल्या विहिरीवर गेली, बादली सोडली आणि पाणी काढून घेऊन आली.

"मी म्हटलं, याकूब, पी लेका." इस्माईल जरा हसला. "पन तुमाला तर म्हाईतच हाय त्यो कसा. मेसमदी बी आमचं असंच हुतं. आमी बिस्मिल्ला म्हनून जेवून मोकळं, आनि ह्याचं आपलं रोटी करनारा कोन, मीठ आनलं कुनी, चालूच. त्याचं कालवन आमी खाऊन टाकायचो. तसंच तिथं बी. वंजळ तोंडाशी नेईना. आपल्या छातीवर हात ठेवला आनि म्हनला, याकोब. मग तिच्याकडं हात केला. तिला समजंना. परत तसंच केलं. तवा तिनं नाव सांगितलं. ह्याला नीट म्हनता येईना, तर तिच्याकडनं वदवून घेतलं, बरोबर जमंपरेंत. मग डोळं मिटलं. इहिरीबद्दल म्हनला, बादलीबद्दल म्हनला, दोराबद्दल. मग तिचं नाव घेतलं. आनि मग पानी प्याला. पोटभर प्याला आई. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं हुतं. त्यानंतर लई येळ न्हाई राह्यला."

मी भिंतीला टेकून उभी होते, बसायचं मला सुचलं नाही.

"नाव काय तिचं?" मावशींनी विचारलं.

इस्माईलने मान खाली घातली. "आई, त्येच न्हाई ध्यानात. त्या येळेला ठिवायचं सुचलं न्हाई. बोटीवर लई आठवून बघितलं. आठवत न्हाई."

"म्हातारी हुती?"

"तुमच्या वयाची. डोक्याला काळं फडकं बांधलेलं. हात शेतात राबल्यालं."

"पानी गार हुतं?"

"लई गार हुतं. मी बी प्यालो."

मावशींनी मान हलवली. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला. इस्माईलने ते पाहिलं आणि डोक्यावर रुमाल बांधून नीट मांडी घालून बसला.

"बापा," मावशी म्हणाल्या, "पेरवांबद्दल. इस्माईलबद्दल, राहात्यापासनं आला. त्याच्या पायांबद्दल." मग थांबल्या. ओठ नुसतेच हलले. "त्याला नेलंस त्याचं अजून न्हाई. त्याचं मला म्हनता येत न्हाई, आनि तुला त्ये ठाव हाय. पन त्या इहिरीबद्दल म्हनते. त्या बादलीबद्दल. त्या दोराबद्दल. त्या गार पान्याबद्दल. माज्या याकोबाला..." आवाज फुटला, पण त्यांनी तो तसाच पुढे रेटला, "माज्या याकोबाला तिनं पानी पाजलं. माज्या याकोबाचं डोस्कं तिनं मांडीवर घेतलं. त्या बाईबद्दल, बापा. तिचं नाव मला ठाव न्हाई. ह्या पोराला इसर पडला. तुला ठाव हाय. माज्या जागी तू घे तिचं नाव."

आमेन म्हणायचं माझ्याने झालं नाही. इस्माईल म्हणाला, "आमीन."